ही कोण?

येत्या रविवारी तुमच्या मनगटावर किती बँड असणार आहेत? शाळेत असताना आमच्याकडे याची चक्क स्पर्धा असायची. हात कोपरापर्यंत भरला पाहिजे, नाहीतर काय मजा! सोमवारी मधल्या सुट्टीत सगळ्या जणी हात पुढे करून मोजायच्या, कुणाला किती मिळाले. जिला कमी, तिचं तोंड एवढंसं.

पुरवणीच्या मीटिंगमध्ये फ्रेंडशिप डेच्या पानासाठी विषय निघाले, तेव्हा कुणी ‘लाँग डिस्टन्स मैत्री’ म्हटलं, कुणी ‘हॉस्टेलचे रूममेट’. माझी पाळी आली. मी म्हटलं, “युद्धाच्या गोष्टींमधली लहान मुलांची मैत्री.” कुणी काही बोललंच नाही. मी इंटर्न असल्यामुळे ती शांतता मला जरा जास्तच लांब वाटली असेल. शेवटी मॅडम म्हणाल्या, “लिही. पण फ्रेंडशिप डेला लोकांना रडवू नकोस.” बघते.

विषय डोक्यात आला तो शेवटच्या सेमिस्टरच्या असाइनमेंटमुळे. युद्धकाळातल्या काही कथा-कादंबऱ्या आणि सिनेमे घ्यायचे आणि त्यांच्यावर लिहायचं. मी मुद्दाम लहान मुलांच्या गोष्टी निवडल्या, कारण (खरं कारण सांगते) ही पुस्तकं तुलनेनं पातळ असतात. त्यातून काय निघणार हेही मी आधीच ठरवून टाकलं होतं. दोन मुलं. एक वरच्या घरातलं, एक खालच्या. किंवा एक जर्मन, एक ज्यू. मग युद्ध येतं, बॉम्ब पडतो, मैत्री तुटते, आपण डोळे पुसतो. अर्धी असाइनमेंट पुस्तकं उघडायच्या आधीच मनात लिहून तयार होती.

ती सगळी खोडावी लागली. कारण वाचत गेले तसं दिसायला लागलं की बॉम्ब पडायच्या कितीतरी आधीच काहीतरी तुटलेलं असतं. आणि ते दरवेळी जवळपास एकाच पद्धतीनं तुटतं.

ग्लास पुसणारा मुलगा

सुरुवात अशा गोष्टीपासून करते, जी तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी निदान मोबाइलवर तरी पाहिली असेल. ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’. आयरिश लेखक जॉन बॉयन यांची ही कादंबरी २००६ मध्ये आली आणि २००८ मध्ये तिच्यावर सिनेमा आला. नऊ वर्षांचा ब्रुनो नाझी छळछावणीच्या कमांडंटचा मुलगा. कुंपणापलीकडचा श्मुएल छावणीतला ज्यू कैदी. दोघांचा वाढदिवसही एकाच तारखेला. तारेच्या दोन बाजूंना बसून दोघं रोज गप्पा मारतात.

सगळ्यांना आठवतो तो या गोष्टीचा शेवट. मला मात्र एक वेगळाच सीन सोडत नाही. ब्रुनोच्या घरी पार्टीची तयारी चाललेली असते. छोटे छोटे ग्लास आतून पुसायला बारीक बोटं हवीत म्हणून छावणीतून श्मुएलला आणलेलं असतं. ब्रुनो त्याला घरात बघतो, खूश होतो, खायला चिकन देतो. तेवढ्यात एक तरुण लेफ्टनंट आत येतो आणि श्मुएलला विचारतो, तू चोरून खाल्लंस? श्मुएल म्हणतो, यानं दिलं, हा माझा मित्र आहे. लेफ्टनंट ब्रुनोकडे वळतो. आणि ब्रुनो सांगतो की मी याला आधी कधी पाहिलेलंच नाही.

आता बघा, मधे तारेचं कुंपण होतं तेव्हा यांची मैत्री व्यवस्थित चालू होती. कुंपण नसलेल्या खोलीत दोघं समोरासमोर आले आणि ती मोडली. कारण खोलीत तिसरा माणूस आला.

या पुस्तकाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चुकीचं होईल. जानेवारी २०२० मध्ये ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानं जाहीरपणे म्हटलं होतं की होलोकॉस्टचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी ही कादंबरी टाळावी. प्रत्यक्षात ऑशविट्झला आणलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना आल्या आल्याच मारून टाकलं जायचं. कुंपणाशी बसून रोज गप्पा मारणारा मुलगा तिथं असणं जवळपास अशक्य. आणि नाझी अधिकाऱ्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला ज्यू म्हणजे कोण हे ठाऊकच नसणं तर त्याहून अवघड, कारण शाळेतच ते पद्धतशीर शिकवलं जात होतं. म्हणजे इतिहास म्हणून हे पुस्तक वाचू नका. माझ्या हाती त्यातनं लागला तो फक्त ग्लासवाला सीन, आणि पुढचं प्रत्येक पुस्तक वाचताना मी तोच सीन शोधत राहिले.

काबूलमध्ये तेव्हा युद्ध नव्हतं

खालेद हुसैनी यांची ‘द काइट रनर’ (२००३) तुम्ही वाचली नसेल तरी नाव ऐकलं असेल. तिचा मराठी अनुवादही आहे. हुसैनी स्वतः काबूलमध्ये १९६५ साली जन्मले, पुढे अमेरिकेत डॉक्टर झाले आणि डॉक्टरकी करता करता त्यांनी ही पहिली कादंबरी लिहिली.

अमीर श्रीमंत पश्तून बापाचा मुलगा. हसन त्याच घरातल्या नोकराचा, हजारा जमातीचा. एक सुन्नी, एक शिया. अमीर बंगल्यात, हसन आवारातल्या मातीच्या खोलीत. दोघंही आईविना वाढलेली, एकाच दाईचं दूध प्यायलेली पोरं. टेकडीवरच्या डाळिंबाच्या झाडाखाली अमीर हसनला ‘शाहनामा’तल्या रुस्तम-सोहराबच्या गोष्टी वाचून दाखवतो, कारण हसनला वाचता येत नाही. आता इथं एक छोटीशी गंमत आहे, म्हणजे खरं तर गंमत नाहीच. हसन एखाद्या अवघड शब्दाचा अर्थ विचारतो तेव्हा अमीर कधी कधी मुद्दाम उलटा अर्थ सांगतो. मंदबुद्धी या अर्थाचा शब्द असतो, तर सांगतो की याचा अर्थ हुशार. आणि वर तो हसनलाच लावून दाखवतो. हसनला ते कळत नाही. अमीरला कळतं, आणि मजा वाटते.

पुढे असेफ नावाचा गुंड मुलगा या दोघांना रस्त्यात अडवतो. तो अमीरला विचारतो, तू पश्तून असून एका हजाराला मित्र कसं काय म्हणतोस? तेव्हा अमीरच्या ओठावर येतं ते असं, की हा माझा मित्र नाहीच, नोकर आहे. तो ते बोलत नाही, पण मनात येऊन जातं. आणि लगेच तो स्वतःला विचारतो, बाबांचे मित्र त्यांची मुलं घेऊन घरी येतात तेव्हा मी हसनला खेळायला का घेत नाही? दुसरं कुणी नसतानाच मी त्याच्याशी का खेळतो? त्याच क्षणी शेजारी उभा असलेला हसन अमीरला वाचवण्यासाठी असेफवर गलोल रोखून उभा राहतो. मित्र की नोकर, असा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

१९७५ चा हिवाळा. पतंगांची स्पर्धा. संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे गच्चीवरून धावलेल्यांना हे प्रकरण पटकन कळेल, फक्त काबूलमध्ये ते बर्फात चालतं. अमीर जिंकतो. शेवटचा निळा पतंग आणायला हसन धावतो. गल्लीत असेफ त्याला गाठतो आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतो. अमीर कोपऱ्यावरून बघत असतो. ओरडावं की पळावं? तो पळतो. आणि मग, हे मला जास्त भयंकर वाटतं, हसन रोज डोळ्यांसमोर नको म्हणून त्याच्या गादीखाली स्वतःचं घड्याळ आणि पैसे ठेवून त्याला चोर ठरवतो. विचारल्यावर हसन म्हणतो, हो, मीच चोरलं.

आता साल पुन्हा बघा. १९७५. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या त्या डिसेंबर १९७९ मध्ये. अमीर आणि त्याचे वडील देश सोडतात ते त्याहीनंतर. मी असाइनमेंटच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये बिनधास्त लिहिलं होतं की ‘अफगाण युद्धानं या दोन मित्रांची ताटातूट केली’. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि फक्त तारीख लिहिली. ताटातूट झाली तेव्हा काबूलमध्ये युद्ध नव्हतंच. होती ती पतंगांची स्पर्धा.

या कादंबरीवरच्या २००७ च्या सिनेमाची एक गोष्ट मला नंतर कळली. त्यात काबूलमधल्याच मुलांनी कामं केली होती. गल्लीतल्या त्या प्रसंगावरून तिथं या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना धोका होईल अशी भीती निर्माण झाली. सिनेमाचं प्रदर्शन पुढे ढकललं गेलं आणि मुलांना देशाबाहेर, संयुक्त अरब अमिरातीत हलवावं लागलं. गोष्टीतली १९७५ ची गल्ली २००७ मध्येही तेवढीच जिवंत होती.

आमचं पार्किंग

आता माझं.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना माझ्याच वयाची मुलगी होती. जिन्याखालच्या खोलीत राहायचे ते सगळे. मी इंग्लिश मीडियमला, ती पालिकेच्या शाळेत. संध्याकाळी पार्किंगमध्ये आमचा धुडगूस असायचा. लंगडी, डबा ऐसपैस, आणि माझी सायकल, जी आम्ही दोघी आलटून पालटून चालवायचो. हात सोडून चालवायला तिनंच मला शिकवलं. मे महिन्यात दुपारी ती आमच्याकडे टीव्ही बघायला यायची. मी सोफ्यावर, ती फरशीवर. तिला कुणी खाली बस असं म्हटलं नव्हतं. वर बस, असंही कुणी म्हटलं नव्हतं.

सहावीत असताना एकदा क्लासमधल्या दोन मैत्रिणी अचानक घरी आल्या. आम्ही दोघी खाली सायकलपाशी होतो. त्यातल्या एकीनं तिच्याकडे बघत मला विचारलं, “ही कोण?”

मी म्हटलं, “आमच्या वॉचमनकाकांची मुलगी.”

यात एक अक्षर खोटं नाही. कोर्टात शपथेवर सांगता येईल असं उत्तर आहे. ती सायकलची घंटी उगाचच वाजवत उभी राहिली आणि मी त्या दोघींना घेऊन वर गेले. भांडण नाही, अबोला नाही, काहीच झालं नाही. नंतरही ती दोन-चारदा टीव्ही बघायला आली. मग येईनाशी झाली. वर्षभरात सोसायटीनं सिक्युरिटीवाले बदलले आणि ते लोक खोली सोडून गेले. कुठे गेले, मी विचारलं नाही.

असाइनमेंट लिहिताना हे सगळं वर आलं. मी आईला विचारलं, “आई, तिच्यासाठी आपल्याकडे वेगळा कप होता का गं?” आई म्हणाली, “छे, वेगळा असा काही नव्हता.” मग बऱ्याच वेळानं, मेथी निवडता निवडता, स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली, “तो निळा होता ना, कान तुटलेला.”

तुम्ही म्हणाल, कुठे काबूल, कुठे तुझं पार्किंग. बरोबर आहे. ब्रुनोसमोर गणवेशातला लेफ्टनंट होता, अमीरसमोर असेफ होता. माझ्यासमोर सहावीतल्या दोन मुली होत्या, त्यातल्या एकीच्या दाताला तारा लावलेल्या. ‘माझी मैत्रीण’ एवढंच म्हटलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? काहीच नाही. युद्धाच्या गोष्टींत या एका वाक्याची किंमत भयंकर वाढते, म्हणून ते आपल्या डोळ्यांत येतं. एरवी ते इतकं स्वस्त असतं की न बोलल्याचं कुणाला कळतही नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं असतं, त्याला सोडून.

हसनला राग का येत नाही?

इथं मला या पुस्तकांबद्दलची एक तक्रार नोंदवायची आहे. हसन किती चांगला आहे! श्मुएलही तसाच. ग्लासवाल्या प्रसंगानंतर मार खाऊन आलेला श्मुएल ब्रुनोला माफ करतो. हसन तर चोरीचा आळही स्वतःवर घेतो. गोष्ट ज्याच्या तोंडून किंवा ज्याच्या डोळ्यांतून सांगितली जाते तो वरच्या घरातला. त्यामुळे खालच्या घरातल्या मुलाला मनातल्या मनात काय वाटलं, हे कागदावर येतच नाही. आपल्याला दिसतो तो वरच्याचा पश्चात्ताप, आणि तो इतक्या सुंदर भाषेत येतो की आपण त्याच्याचसाठी रडतो. मीही रडले. मग वाटलं, अरे, हे जरा सोयीचंच झालं.

(आणि हो, वरचा सायकलवाला किस्सासुद्धा मीच सांगितला आहे. तिनं सांगितला असता तर कदाचित त्यात सायकल नसती, कप असता.)

म्हणून उरलेल्या दोन पुस्तकांनी मला जास्त धरून ठेवलं.

जो खरं बोलला, त्याचं काय?

पहिलं ‘फ्रीडरिश’. लेखक हान्स पेटर रिश्टर, मूळ जर्मन, साल १९६१. जर्मनीत हे पुस्तक शाळांमध्ये वाचून घेतात. दोन मुलं १९२५ मध्ये एका आठवड्याच्या अंतरानं जन्मतात, एकाच घरात, वरच्या-खालच्या मजल्यावर. प्रत्येक प्रकरणाच्या नावापुढे साल दिलंय. ते आकडे पुढे सरकतात तसतसं पोटात गोळा येतो, कारण पुढे काय आहे ते आपल्याला माहीत असतं, त्या मुलांना नसतं.

गंमत म्हणजे सुरुवातीला पारडं उलटं आहे. फ्रीडरिशचे वडील टपाल खात्यात नोकरीला. गोष्ट सांगणाऱ्या जर्मन मुलाचे वडील बेकार. शाळेच्या पहिल्या दिवशी दोन्ही कुटुंबं मिळून जत्रेत जातात आणि या मुलाच्या वडिलांच्या खिशात पाळण्यापुरतेही पैसे नसतात. नंतर हेच वडील नोकरी मिळावी म्हणून नाझी पक्षात जातात. ते राक्षस वगैरे अजिबात नाहीत. १९३६ मध्ये ते फ्रीडरिशच्या वडिलांना गुपचूप सांगतात की बायको-पोराला घेऊन देश सोडा. म्हणजे चांगुलपणाही केला तो दार लावून, कुणी बघत नसताना. पुन्हा तेच!

१९३३ चं एक प्रकरण आहे. दोघं रस्त्यात चेंडू खेळत असतात आणि दुकानाची काच फुटते. चेंडू फेकलेला असतो जर्मन मुलानं. दुकानातली बाई बाहेर येऊन धरते ती फ्रीडरिशला. आणि इथं, या सगळ्या पुस्तकांत बहुधा एकदाच, वरचा मुलगा तोंड उघडतो. म्हणतो की काच मी फोडली. तेही तिऱ्हाईत लोकांसमोर, पोलिसासमोर. पण त्याच्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. मित्राला वाचवायला खोटं बोलतोय, असं ठरवून टाकतात.

मी इथं पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण माझं गृहीतक असं होतं की एकदा मोठ्यानं बोललं की झालं. इथं मुलगा बोलतो आणि तरीही काही होत नाही. पुढच्या वेळी बोलायचं कशाला, असं त्याला वाटलं असेल का? पुस्तक सांगत नाही. एवढंच दिसतं, की १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंच्या घरांवर हल्ले होतात तेव्हा हाच मुलगा, आता तेरा वर्षांचा, गर्दीबरोबर एका वसतिगृहात शिरतो आणि हातोडा घेऊन तोडफोड करतो. त्याला मजाही येते. घरी येऊन बघतो तर त्याच्याच इमारतीतलं फ्रीडरिशचं घर फोडलेलं.

१९४२ मध्ये विमानहल्ला होतो. सगळे तळघरात. दारावर थापा पडतात, बाहेर फ्रीडरिश असतो. घरमालकच तळघराचा प्रमुख. तो त्याला आत येऊ देत नाही. तिथं बसलेल्यांत त्याला लहानपणापासून ओळखणारं अख्खं कुटुंब आहे. आई रडते. वडील तिला आवरतात.

गोष्ट सांगणाऱ्या त्या जर्मन मुलाला पुस्तकभर नावच नाही. फ्रीडरिशला आहे. मला वाटतं, रिश्टरनं हे मुद्दाम केलंय. रिश्टरचा स्वतःचा जन्मही १९२५ चाच.

कधी कधी तर बोलायचीही गरज नसते. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकानं त्याच्या शाळेतल्या खऱ्या घटनेवरून १९८७ मध्ये ‘ऑ रव्वार लेझांफां’ हा सिनेमा केला. जानेवारी १९४४. कॅथलिक बोर्डिंग शाळेत पाद्र्यांनी खोट्या नावानं काही ज्यू मुलं लपवलेली असतात. गेस्टापोचा अधिकारी वर्गात येऊन विचारतो, इथं ज्यू मुलगा कोण? श्रीमंत घरातला ज्युलियन काही बोलत नाही. फक्त क्षणभर वळून आपल्या मित्राकडे बघतो. बस, तेवढं पुरतं. म्हणजे बाकीच्या गोष्टींत ओळख न दाखवणं जीवघेणं, आणि इथं ओळख दाखवणं. दोन तासांचा पण नाही हा सिनेमा. बघाच.

फक्त आई-बाबा घरी नसताना

शेवटचं पुस्तक माझं सगळ्यात लाडकं. ‘रीयुनियन’, लेखक फ्रेड उलमन, १९७१. जेमतेम शंभर पानं. पुणे-मुंबई रेल्वेप्रवासात वाचून होईल, पण खिडकीची जागा बघा. उलमन स्वतः श्टुटगार्टचे ज्यू, वकील होते, १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढे इंग्लंडमध्ये चित्रकार झाले.

इथं गोष्ट खालच्या बाजूनं सांगितली आहे. १९३२, श्टुटगार्ट. हान्स श्वार्ट्झ एका ज्यू डॉक्टरचा मुलगा, सोळा वर्षांचा. त्याच्या वर्गात कोनराडिन फॉन होहेनफेल्स येतो. शतकानुशतकांचं सरदार घराणं. अख्ख्या वर्गाला त्याच्याशी दोस्ती करायची असते. हान्स आपल्या जुन्या नाण्यांचा संग्रह शाळेत घेऊन येतो, उगाच दिसेल असा. (आपण सगळ्यांनी केलंय हे. नवीन शूज घालून आपण कुणाच्या बाकासमोरून फेऱ्या मारल्या ते आठवा.) मैत्री जमते. कविता, देव, फिरायला जाणं. तुमच्या-माझ्या वयाचे नाहीत, पण फार लांबचेही नाहीत.

कोनराडिन हान्सच्या घरी येतो तेव्हा हान्सचे वडील, एवढे मानी डॉक्टर, त्या पोरासमोर टाच जुळवून ताठ उभे राहतात. हान्सला मेल्याहून मेल्यासारखं होतं. स्वतःच्याच वडिलांची लाज वाटते. हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आलेलं नाही. तिसरा माणूस आपल्या बाजूचाही असू शकतो, आणि त्याच्यामुळेही आपण खाली मान घालतो.

मग हान्सच्या हळूहळू लक्षात येतं. कोनराडिन आपल्याला त्याच्या वाड्यावर बोलावतो खरा, पण त्याचे आई-वडील नसतात तेव्हाच. दरवेळी. तो स्वतःला समजावतो की योगायोग असेल. एके दिवशी ऑपेराला जातो, बेथोव्हनचा ‘फिडेलिओ’. तिथं कोनराडिन आई-वडिलांबरोबर येतो. मध्यंतरात समोरासमोर येतात. कोनराडिन त्याच्या आरपार बघत निघून जातो.

दुसऱ्या दिवशी हान्स जाब विचारतो. मला हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो, कारण हसननं हा जाब कधीच विचारला नाही. आणि कोनराडिन खोटं बोलत नाही. सांगतो की आईला ज्यू माणसांचा तिरस्कार आहे, आणि तुझ्याबरोबरच्या वेळासाठी मला घरी झगडावं लागतं. म्हणजे तोही झगडत होताच. पण बंद दाराआड. हान्सला हवा होता ऑपेराच्या गर्दीतला एक नमस्कार.

माझ्या मैत्रिणीनं मला असं गाठून विचारलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? मी त्यावर बराच विचार केला. कोनराडिनकडे निदान आईचं कारण तरी होतं.

जानेवारी १९३३ मध्ये हान्सला अमेरिकेला पाठवून देतात. निघताना कोनराडिनचं पत्र येतं, प्रेमाचं, आणि त्यातच हिटलरवर आपला विश्वास आहे असंही तो लिहितो. दोन्ही एकाच कागदावर. पुढची तीस वर्षं हान्स मागे वळून बघत नाही.

आणि मग एक दिवस शाळेकडून पाकीट येतं. युद्धात मेलेल्या माजी विद्यार्थ्यांचं स्मारक करतोय, देणगी द्या. सोबत नावांची छापील यादी, आडनावांच्या क्रमानं. हान्स एकेक अक्षर बघतो. कोण गेलं, कुठे गेलं. फक्त ‘एच’चं पान तो टाळतो. होहेनफेल्सचं पान. यादी फेकून द्यावीशी वाटते. शेवटी उघडतो.

तिथं एक ओळ आहे. ती मी सांगणार नाही, आणि तुम्हीही मागून पान उघडू नका. नेटवर तर अजिबात शोधू नका. आमच्या वर्गातल्या एकानं शोधली आणि मग पुस्तक वाचलंच नाही, त्याला अजून वाटतं की त्याला गोष्ट माहीत आहे. सुरुवातीपासून वाचा. दुपार पुरेल.